सुपर-कंप्लेंटच्या आधीचं आणि नंतरचं: ब्रिटनचे पोलीस आणि 'इज्जत'

ब्रिटनमध्ये अल्पसंख्याक समाजातली बाई लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन पोलिसांकडे गेली की तिचं पुढे काय होतं, यावर 2020 मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या एका छोट्या संस्थेने सुपर-कंप्लेंट केली. म्हणजे एका पोलिसावर नाही, अख्ख्या पद्धतीवरच बोट. ही सोय 2018 पासूनची, आणि सरकारने ठरवलेल्या मोजक्या संस्थांनाच ती वापरता येते.

स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरचा 1999 चा अहवाल, त्यात निघालेला पोलिसांत मुरलेला वंशवाद, त्यावर झालेला गदारोळ, हे सगळं बऱ्याच जणांना माहितीये, त्यात जात नाही. माझ्या मते खरा धागा 2005 पासून लागतो. लंडनमधल्या एका कुर्दिश घरातली 20 वर्षांची मुलगी, नवऱ्याला सोडून आलेली, तिने पाच वेळा पोलिसांना सांगितलं की घरचे मला मारतील, कोण मारणार त्यांची नावंसुद्धा दिली. बापाच्या तावडीतून खिडकीची काच फोडून पळाली तर पोलीस बाईला वाटलं ही नाटकं करतेय, आणि फुटलेल्या काचेबद्दल हिच्यावरच गुन्हा लावावा का असा विचार झाला! 2006 च्या जानेवारीत तिचा खून झाला. नवरा बलात्कार करायचा हेही तिने पोलिसांना सांगितलं होतं, पण आज ही केस लोकांना 'ऑनर किलिंग' म्हणूनच आठवते, बलात्काराचं कुणी काढत नाही.

आणि गोंधळ नेमका इथेच आहे. 'ऑनर बेस्ड अब्यूज', म्हणजे घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली होणारा छळ, हा शब्द आला तो धोका ओळखता यावा म्हणून, म्हणजे या बाईला फक्त एका माणसापासून नाही तर काका, दीर, चुलतभाऊ सगळ्यांपासून धोका असू शकतो, तेव्हा तिच्या घरी फोन करू नका, नातेवाइकाला दुभाषी म्हणून बसवू नका. हेतू चांगलाच होता. पण एकदा फाइलवर हा शिक्का बसला की प्रकरण 'त्यांच्या संस्कृतीचं' होऊन बसतं आणि मूळ गुन्हा, बलात्कार, मागे पडतो. शिक्का नाही मारला तर उलटं, धोकाच दिसत नाही. शिवाय शब्दच असा की अत्याचार करणाऱ्याच्या कारणाला मान मिळतो, म्हणून कित्येक जणी 'तथाकथित' लावल्याशिवाय तो वापरतच नाहीत. आपणही फार शहाणे नाही म्हणा, आपल्याकडे 'अब्रू लुटली' असंच छापून यायचं, जणू अब्रू तिच्या अंगात ठेवलेली असते.

त्यात नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांचा प्रश्न वेगळाच. इंग्लंडमध्ये 1991 पासून लग्नातला बलात्कार गुन्हा आहे, भारतात अजून नाही, तर इथून गेलेल्या मुलीला ही तक्रार करता येते हेच ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी पोलीस इमिग्रेशनला कळवतील ही धास्ती असतेच. या दुसऱ्या मुद्द्यावर तर 2018 मध्येच आणखी एक सुपर-कंप्लेंट झाली होती.

2015 च्या तपासणीत इंग्लंड-वेल्समधल्या 43 पोलीस दलांपैकी फक्त 3 ऑनर अब्यूजची प्रकरणं हाताळायला सगळ्या बाबतीत तयार असल्याचं दिसलं. ऑनर अब्यूजचे आकडे सरकारला कळवणं दलांना सक्तीचं झालं तेही 2019 मध्ये. 2020 च्या सुपर-कंप्लेंटचं उत्तर 2022 च्या डिसेंबरमध्ये आलं, दोन वर्षं उलटून, आणि त्यातही तेच दुखणं निघालं, पीडितेचा वंश कोणता याची नोंदच धड नाही. नोंदच नाही तर कुणाला कशी वागणूक मिळाली हे तपासणार कसं?

तोवर ग्रूमिंग गँग्जच्या, म्हणजे अल्पवयीन मुलींना जाळ्यात ओढून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करणाऱ्या टोळ्यांच्या, राजकारणाने सगळी चर्चा आरोपींच्या वंशावर नेऊन ठेवली. तिथेही 2025 च्या ऑडिटमध्ये काय निघालं, तर सुमारे दोन-तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंद नाही. त्याच वर्षी सरकारने ऑनर अब्यूजची कायदेशीर व्याख्या आणायचं जाहीर केलं, म्हणजे हा शब्द वापरायला लागून वीस वर्षं झाल्यावर.