पीसीओएस आणि बायकांचं मानसिक आरोग्य (खान्देश)

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बायकांच्या हार्मोन्सच्या बिघाडाचा आजार. जळगाव-धुळ्याकडे घरात हे नाव कमीच ऐकू येतं, "पोरीची पाळी लांबते" एवढंच, तेही हळू आवाजात. जगात बाळंतपणाच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हा असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना तपासणीच झालेली नसते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. नावही फसवंच, पॉलिसिस्टिक म्हणजे पुष्कळ गाठींचा, पण त्या खऱ्या गाठी नसतात, अंडाशयातले वाढता वाढता थांबलेले बीजकोश सोनोग्राफीत तसे दिसतात.

पाळीचं सगळे विचारतात, मनाचं कोणी नाही. खरं तर डिप्रेशन आणि अँक्झायटी ह्या बायकांत इतरांपेक्षा जास्त आढळते, भसाभसा खाणं आणि मग उपाशी राहणं हेही. पीसीओएस वजन जास्त असलेल्यांनाच होतो असं नाही, बारीक पोरींनाही होतो. अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) वाढल्याने हनुवटीवर केस, पिंपल्स, डोक्यावरचे केस विरळ, इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून मान काळी, वजन हटत नाही, आणि हे सगळं चारचौघांना दिसतं ना, तिथंच जास्त लागतं.

आता आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) बघा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू, आणि त्यातच एखादी फुई (आत्या) सगळ्यांसमोर विचारते, काय वं, अजून काही नाही का? जिचं लग्न व्हायचंय तिचं वेगळंच, स्थळ यायच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये थ्रेडिंग, आणि गोळ्यांची स्ट्रिप आईने डब्यामागे लपवलेली. मग पोरगी लग्नकार्याला जायचं टाळते, फोटोत मागे उभी राहते, घरचे म्हणतात हिचा स्वभावच चिडका. स्वभाव कसला!

मूल होणार नाही ही भीती तर बहुतेक वेळा गैरसमजाचीच, उपचाराने बऱ्याच जणींना दिवस जातात. पण "लग्न झालं की आपोआप ठीक होतं" हेही खोटंच.

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये स्पष्ट म्हटलंय की निदान झालं की प्रत्येक बाईला, वयात आलेल्या पोरीलासुद्धा, डिप्रेशन-अँक्झायटीबद्दल विचारायचं. उपचारात समुपदेशन, सीबीटी (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी बोलण्यातली थेरपी), लागलं तर गोळ्या, सोबत झोप आणि रोजचं चालणं. ("वजन कमी कर" एवढंच सांगून घरी पाठवणं हा उपचार नाही.) गावात मनाच्या डॉक्टरकडे जाताना कोणी बघेल अशी धास्ती असते, तर १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि फोन शेतातूनही लागतो.