नव्या प्रजातीला नाव कसं मिळतं आणि ते बदलणं इतकं अवघड का

नवा किडा किंवा नवं झुडूप सापडलं की शास्त्रज्ञ मनाला येईल ते नाव ठेवून मोकळे होतात असं बऱ्याच जणांना वाटतं. मोकळीक आहेच, पण एकदा नाव रीतसर छापलं गेलं की ते सहसा पुसता येत नाही, आणि हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या आधी नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वर्णनच असायचं. मधमाशीच्या नावात अंगावरची लव, छातीचा करडा रंग, पोटाचा गडद रंग आणि वर मागच्या पायांच्या कडेचे केस, एवढं सगळं यायचं. जवळची दुसरी जात सापडली की फरक कळावा म्हणून नाव अजून लांबवायचं. लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना आणि 1758 मध्ये प्राण्यांना सरसकट दोन शब्दी नावं दिली आणि मधमाशी झाली एपिस मेलिफेरा, म्हणजे मध वाहून आणणारी. पण ती तर फुलातला रस आणते आणि मध पोळ्यात बनवते, म्हणून 1761 मध्ये त्याने स्वतःच ते बदलून मेलिफिका केलं, आणि तरीही आज मेलिफेराच चालतं कारण ते आधी छापलेलं आहे.

हा 'आधी छापलं त्याचं नाव' नियम पुढे पक्का करावाच लागला, कारण एकाच प्राण्याला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावं पडत होती आणि कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळेना. 1842 मध्ये स्ट्रिकलंड या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाच्या समितीने प्राण्यांसाठी नियम लिहिले, 1867 मध्ये वनस्पतीवाल्यांनी पॅरिसमध्ये आपले केले. दोन्ही नियमावल्या आजही वेगळ्याच आहेत, म्हणून गोरिला गोरिला हे प्राण्याचं नाव चालतं पण झाडाला तोच शब्द दोनदा लावता येत नाही.

आता नाव द्यायचं तर वर्णन छापायचं आणि ज्यावरून ते लिहिलं तो नमुना, म्हणजे टाइप, संग्रहालयात जपून ठेवायचा. वनस्पतींसाठी 1935 पासून 2011 संपेपर्यंत लॅटिन वर्णन सक्तीचं होतं, 2012 पासून इंग्रजीही चालतं. नाव मात्र रूपावरून, ठिकाणावरून, माणसावरून, कशावरूनही. स्वतःचं नाव कोणी लावत नाही, तो संकेत आहे. 2005 मध्ये बोलिव्हियातल्या एका माकडाच्या नावाचा चक्क लिलाव झाला, एका ऑनलाइन कसिनोने साडेसहा लाख डॉलर मोजले आणि ते पैसे तिथल्या मादिदी नॅशनल पार्कसाठी गेले. मला यात काही वावगं वाटत नाही, जंगल राखायला पैसा लागतोच.

मला खरा त्रास होतो तो अपमान करणाऱ्या नावांचा. 1937 मध्ये स्लोव्हेनियाच्या गुहेतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला हिटलरचं नाव दिलं गेलं, आणि आता त्या नावापायीच लोक ते भुंगेरे गोळा करायला बघतात, म्हणजे नावाची शिक्षा त्या किड्याला. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत वनस्पतीवाल्यांनी आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना हिणवणारा 'काफ्रा' शब्द 200 च्या वर नावांमध्ये बदलून 'आफ्रा' करायचं ठरवलं, माझ्या मते हे कधीच व्हायला हवं होतं. प्राण्यांच्या नावांचे नियम सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मात्र 2023 मध्येच सांगून टाकलं की अशा कारणासाठी नावं बदलणार नाही, त्यामुळे भुंगेऱ्याचं नाव अजून तेच आहे.