अखाजीचा झोका आणि चष्म्याचा नंबर

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरकडच्या गावी गेलो, तर आठ वर्षांच्या भाच्याच्या नाकावर नवा चष्मा. नंबर उणे दोन. आजीने निकाल देऊन टाकला होता : "वाची वाची पोऱ्याना डोया गयात." गंमत अशी, की हा पोरगा शाळेच्या पुस्तकापलीकडे फारसं काही वाचत नाही. शाळा, क्लास, मोबाइल, झोप. दिवस चार भिंतींत जातो, एवढंच.

आजीसारखंच जगातल्या बहुतेकांना वाटायचं. २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला धक्का बसला. त्यात सिंगापूर आणि सिडनी या दोन शहरांतली सहा-सात वर्षांची मुलं तपासली होती. दोन्हीकडची मुलं चिनी वंशाची, आईबापांपैकी निदान एकाला चष्मा असण्याचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी सिंगापुरात १०० पैकी २९ मुलांना लांबचं धूसर दिसत होतं, सिडनीत जेमतेम तिघांना. आणि आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती ती सिडनीची मुलं!

मोठा फरक दिसला तो उन्हापावसात घालवलेल्या वेळेत. सिडनीचं मूल आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असे, सिंगापूरचं तीन तास. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे, सूर्य वर्षभर डोक्यावर. पण तिथल्या मुलांचं बालपण अभ्यासाच्या टेबलाशी आणि उंच इमारतींत. ऊन असणं वेगळं आणि पोरं उन्हात असणं वेगळं. खान्देशातल्या माणसाला हे चटकन कळावं.

जन्मतः डोळ्याचा गोळा समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी २४ च्या आसपास. ही वाढ जरा लांबली, की प्रतिमा डोळ्यामागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जादा म्हणजे अडीच-तीन नंबर. वाढीला लगाम घालणाऱ्यांपैकी एक असावं डोपामिन नावाचं शरीरातलं रसायन. भरपूर प्रकाश पडला, की डोळ्याचा पडदा ते जास्त सोडतो. कोंबडीच्या पिलांवरच्या प्रयोगांत लख्ख प्रकाशामुळे ही वाढ मंदावली. औषधाने डोपामिनचं काम अडवलं, तेव्हा प्रकाशाचा तो फायदाही गेला. माणसाच्या डोळ्यात नेमकं असंच घडतं का, यावर अजून काम चालू आहे.

दोन शहरांच्या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला, सहा शाळा होत्या तशाच ठेवल्या. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, मैदानवाल्या शाळांत ३०.४ टक्के. जादू नाही, पण एका तासाच्या मानाने कमी म्हणता येणार नाही. तैवानने तर २०१० पासून मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढायचं धोरणच धरलं.

आता कोणी म्हणेल, जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पोरांना भाजून काढायचं का? तशी गरजच नाही. प्रकाश मोजायचं एकक लक्स. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, भर उन्हात लाखभर. आणि निंबाच्या सावलीतही काही हजार मिळतात. आमच्या सकाळच्या शाळेतला कवायतीचा तास, संध्याकाळची विटीदांडी, अखाजीला निंबाला बांधलेला झोका, हे सगळं या हिशेबात बसतं. सूर्याकडे टक लावून बघायचं मात्र नाही, त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आलेला नंबर मैदानाने उतरत नाही. चष्मा लागण्याआधीच बाहेरच्या उजेडाचा खरा उपयोग. भाच्याच्या बाबतीत थोडा उशीर झाला, हे मी आजीला सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीच्या हातातला मोबाइल काढून तिला झोक्यावर बसवलं.