कोल्हापूरची रेल्वे आणि शाहू महाराज : थोडा खुलासा

दरवर्षी तोच मेसेज फिरतो, 'शाहू महाराजांनी कारभार हातात घेतला आणि कोल्हापुरात रेल्वे आणली'. भावा, तारखा तरी बघ की! मिरज-कोल्हापूर लाईन चालू झाली १८९१ ला, महाराजांना राज्याधिकार मिळाले १८९४ ला. १८८४ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा नऊ वर्षांचे होते, कारभार दुसरेच बघायचे. महाराजांचं खरं डोकं दिसतं ते पुढं, १८९५ ला स्टेशनाजवळच शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला जोर आला. आता स्टेशनाला नावच महाराजांचं म्हटल्यावर गोंधळ होणारच म्हणा. आणि हे टर्मिनस आहे, रूळ इथंच संपतात, त्यामुळं बेळगावकडं रेल्वेनं जायचं तर आधी मिरज गाठा.