स्टेपनीचा भार दारावरून चासीवर: स्विंगआउट कॅरिअरची पार्श्वभूमी

विदर्भातल्या पांदणीवर गाडी घालणाऱ्याला पाचवं चाक सोबत ठेवावंच लागतं. बाभळीचा काटा टायरच्या मधोमध शिरला तर ट्यूबलेसमध्ये रबराची वात भरून काम भागतं. पण तूर सोंगून झालेल्या शेतातून गाडी नेली आणि तिरप्या कापलेल्या, वाळून कडक झालेल्या खुंटाने टायरची बगल चिरली, तर तिथे वात टिकत नाही. पऱ्हाटीचा खुंटही तसाच. अशा वेळी चाकच बदलावं लागतं, तेही काळ्या मातीच्या चिखलात. मग ते चाक गाडीवर कुठे लादायचं? हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. गाडीच्या मागे बाजूला झुलणारी, चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) टेकलेली भुजा, म्हणजे स्विंगआउट कॅरिअर, हे त्याचं एक उत्तर. माझ्या मते आपल्या रस्त्यांसाठी सगळ्यात पटणारं.

सुरुवातीच्या मोटारींसोबत जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर काढायचा, ट्यूब जोडायची आणि पुन्हा हवा भरायची. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी रस्त्यावरच्या आपल्या दुकानात, थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी हवा भरलेल्या टायरसह आऱ्यांशिवायची एक धाव विकायला काढली. बसलेलं चाक काढायचं नाही, ही धाव त्याच्या अंगाला शिकंज्यांनी आवळायची आणि पुढे निघायचं. पुढे अख्खं चाकच बोल्ट सोडून बदलता येऊ लागलं आणि ते मडगार्डाशेजारी, पायरीवर किंवा गाडीच्या पाठीवर बांधलं जाऊ लागलं. शहरी गाड्यांची डिकी मोठी झाल्यावर चाक आत गेलं आणि तिथला प्रश्न मिटला.

खडतर रस्त्याच्या गाड्यांचा मिटला नाही. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या विलीज एमबी जीपला मागे दारच नव्हतं. पाठीमागचा पत्रा बंद होता. त्यावर उजवीकडे जादा चाक आणि डावीकडे पेट्रोलचा डबा ठोकला, तरी कोणाची वाट अडत नव्हती. अडचण सुरू झाली ती शेतकऱ्यासाठी जीप बनवायला घेतल्यावर. १९४५ च्या सीजे-२ए या नागरी जीपला मागे खाली पडणारा फाळका दिला, कारण पोती, अवजारं, चारा चढवायचा तर मागून वाट हवी. फाळका आला तसं चाक मागून उठलं आणि गाडीच्या उजव्या कुशीला गेलं. चाकालाही मागची जागा हवी आणि दारालाही. पुढच्या सगळ्या रचना याच ओढाताणीतून निघाल्या. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली आणि नंतर सीजे-३बी इथेच बनू लागली. आपल्या गावांना जीप भेटली ती या घराण्यातून.

लँड रोव्हरने १९४८ नंतर चाक बॉनेटवर ठेवून पाहिलं. त्याने मागची वाट मोकळी झाली, पण बॉनेट उचलताना चाकाचं वजनही उचलावं लागे आणि समोरची नजर थोडी अडे. चाक गाडीच्या पोटाखाली टांगण्याची पद्धतही मोठ्या गाड्यांत रुळली. डांबरी रस्त्यावर ती उत्तम. नाल्याचा काठ चढून जाताना मात्र मागचं लोंबतं चाक आधी जमिनीला घासतं, आणि गाडी चिखलात पोटावर बसली असेल तर ते काढणार कसं? पावसाळ्यात काळी माती थरावर थर चढवते. वाळल्यावर ते चाक आणि त्याची साखळी छिन्नीने खणून काढावी लागते.

टोयोटाच्या एफजे-४० लँड क्रूझरमध्ये (१९६० ते १९८४) वेगळा मार्ग दिसतो. तिथे चाकासाठी मागच्या कोपऱ्यावर स्वतंत्र भुजा दिली. भुजा बाजूला झुलवायची, मग दार उघडायचं. दाराचं वजन दारापुरतं आणि चाकाचं वजन भुजेवर. अमेरिकी सीजे जीपांनाही अशी झुलती भुजा मिळू लागली. पण १९८० च्या दशकापासून कारखान्यांना सोपी वाटली ती दुसरी तऱ्हा: दार बाजूला उघडणारं करायचं आणि चाक थेट दारावरच बसवायचं. मालकाला एकच कडी उघडावी लागते आणि कारखान्याचा एक सुटा भाग वाचतो. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी, २००० सालची बोलेरो आणि २०२० ची नवी थार, तिन्हींत चाक मागच्या दारावरच आहे. ताडोब्याच्या गेटवर उभ्या असलेल्या जिप्सी पाहा किंवा गडचिरोलीच्या बाजारात लागलेल्या बोलेरो, मागे चाक दारालाच चिकटलेलं दिसेल.

कंपनीने दिलेल्या चाकाला ते दार पुरतं. बिघाड सुरू होतो तो मालक जाड खाचांचा, रुंद टायर घालतो तेव्हा. अमरावती जिल्ह्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी एका जुन्या गाडीचं मागचं दार जवळून पाहिलं. वरच्या बिजागरीभोवती पत्र्याला केसाएवढी तडा गेलेली, तिच्यातून गंजाचा ओघळ उतरलेला. दार बंद करताना हाताने बोटभर वर उचलावं लागत होतं, तेव्हा कडी खाचेत पडे. मिस्त्री म्हणाले, "बिजागरी ठीक हाय भाऊ, पत्राच थकला. चाकाचा सारा जोर त्याच्यावरच येते न!"

हा जोर कागदावर मांडला की मिस्त्रींचं म्हणणं पटतं. समजा टायर आणि रिम मिळून ३० किलो, चाकाचा मध्य बिजागरीपासून ६५ सेंटिमीटर लांब आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर. मग गाडी उभी असतानाही वरच्या बिजागरीवर सुमारे ४९ किलोची आडवी ओढ येते आणि खालचीवर तेवढाच दाब. दाराचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. दार बंद असताना कडी थोडा भार घेते, पण कडी दार मिटून ठेवण्यासाठी असते, वजन झेलण्यासाठी नाही. खड्ड्यात आदळल्यावर हा जोर क्षणभर तिप्पट झाला तर वरच्या बिजागरीवर दीडशे किलोच्या आसपास ओढ येणार. ती झेलायला मागे असतो एक-दीड मिलिमीटरचा पत्रा.

स्वतंत्र भुजेमागचा विचार इथून सुरू होतो. भुजेची उभी खुंटी दाराच्या पत्र्यावर नसते. ती जाड बंपरवर असते आणि बंपर चासीला बोल्टांनी आवळलेला असतो. मात्र खुंटीत बेअरिंगांमधलं अंतर जेमतेम ५ सेंटिमीटर मिळतं. तेच ३० किलो, तेच ६५ सेंटिमीटर घेतले तर भुजा उघडी असताना प्रत्येक बेअरिंगवर सुमारे ३९० किलोचा आडवा जोर येतो. साधा पितळी बुश (खुंटीभोवतीची नळी) एवढ्याने लवकर ढिला होतो, भुजेचं टोक खाली झुकतं आणि कडी जुळेनाशी होते. म्हणून जाणते कारागीर इथे ट्रेलरच्या चाकाचा स्टब एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस, उभा करून वापरतात. त्यात टेपर रोलर (निमुळत्या रुळांच्या) बेअरिंगची जोडी असते आणि ती वरून येणारं वजनही पेलते, आडवा जोरही. या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळालं. ते सेंट लुईसचे बग्ग्या बांधणारे. वळणावर चाकाला बाजूने बसणारा जोर बेअरिंगनेच झेलावा, ही त्यांची गरज होती. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमुळे असा हब (चाकाचा मधला तुंबा) तालुक्याच्या गावीही भंगारात मिळतो आणि त्याला ग्रीस कसं भरायचं, नट किती आवळायचा हे तिथल्या मिस्त्रीला हातानेच कळतं.

पण मला या रचनेतला खरा कस बेअरिंगमध्ये दिसत नाही, दुसऱ्या टोकाच्या टेकूत दिसतो. भुजा मिटताना तिचं मोकळं टोक बंपरवरच्या एका उतरत्या पट्टीवर चढून बसलं पाहिजे, म्हणजे मिटलेली भुजा दोन्ही टोकांवर टेकते. चाक मध्यावर असेल तर निम्मं वजन टेकूवर जातं आणि खुंटीवरचा तो ३९० किलोचा आडवा जोर जवळपास नाहीसा होतो. गाडी धावते तेव्हा भुजा मिटलेलीच असते. ती लटकते फक्त गाडी उभी असताना, जेव्हा धक्के नसतात. टेकू नसलेली भुजा म्हणजे दाराचीच चूक जाड लोखंडात पुन्हा करणं. टेकूवर नायलॉनचा तुकडा घातला तर खडखडही थांबते.

कडी अशी हवी की ती भुजेला टेकूवर खाली दाबून धरेल. त्यासाठी मध्यबिंदू ओलांडून बसणारी टॉगल कडी (दांडी दाबली की घट्ट आवळणारी) लावतात आणि धक्क्याने ती सुटलीच तर जोडीला एक आडवी पिन. उघडी भुजा जागेवर रोखणारी पिनही लागते, कारण मेळघाटच्या उतारावर चाकासह भुजा आपोआप मिटते आणि मध्ये माणसाचा हात किंवा डोकं असू शकतं. खुंटी दाराच्या बिजागरीच्याच बाजूला ठेवावी, म्हणजे दार आणि भुजा एकाच अंगाला उघडतात. काही जण दोघांना सळईने जोडून एका ओढीत उघडतात.

चाक भुजेला बसवायची तबकडी गाडीच्या हबसारखीच छेदावी लागते. विलीज जीप आणि जिप्सी या दोन्हींचे पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर येतात, त्यामुळे जीपसाठी केलेली तबकडी जिप्सीलाही चालते. एफजे-४० चं वर्तुळ तेवढंच, पण बोल्ट सहा.

जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाकाची सक्ती उरली नाही. तुरीच्या खुंटाने बगल फाटलेल्या टायरला त्या संचाचा उपयोग नाही, तेव्हा शेतात जाणाऱ्या गाडीचं पाचवं चाक जात नाही. कॅरिअर बनवून घेणाऱ्याने त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकालही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून भुजा चासीला वेल्ड करू नये, बोल्टांनी बसवावी आणि काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे चाकाआड जात असतील तर चाक थोडं वर किंवा बाजूला घ्यावं, आणि ते भुजेची लांबी ठरवण्याआधी गाडीमागे उभं राहून मोजून घ्यावं.