अंगावरून पांढरे जाणे

अंगावरून पांढरे जाणे (श्वेतप्रदर) : योनिमार्गातून होणारा, रक्त नसलेला स्राव. विदर्भाच्या खेड्यांत याला ‘पांढरे पाणी जाणे’ किंवा ‘धुपणी’ असेही म्हणतात. हा स्वतःहून आजार नव्हे. बहुतेकदा तो शरीराचा नित्याचा व्यवहार असतो आणि काही वेळा संसर्गाची खूण.

गर्भाशयमुखातील ग्रंथी आणि योनीचे अस्तर यांतून थोडा स्राव रोज होतच असतो. तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीचा सामू (आम्लता दाखवणारा अंक, pH) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना आळा बसतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमारास, हा स्राव पातळ आणि तार धरणारा होतो, नंतर घट्ट होतो, आणि गरोदरपणात वाढतो. पहिली पाळी येण्याच्या काही महिने आधी मुलींनाही तो दिसतो व आई उगाच धास्तावते.

पांढरे गेल्याने हाडे झिजतात, हा समज गावोगावी पक्का आहे. पुरुषांच्या ‘धात जाण्या’च्या (वीर्य जाण्याच्या) भीतीचेच ते स्त्रीरूप म्हणावे लागेल. हाडांचा या स्रावाशी काहीही संबंध नाही. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून काम केलेली बाई ‘कमजोरी हाये, कंबर दुखते’ म्हणून दवाखान्यात येते आणि निघता निघता, आवाज उतरवून, पांढऱ्याचे सांगते. तिच्या थकव्याचे कारण पुष्कळदा रक्तक्षय असते, आणि क्वचित सिकलसेल हा विदर्भात बऱ्यापैकी आढळणारा, रक्ताचा आनुवंशिक आजारही. अशा वेळी हिमोग्लोबिन न तपासता सलाईनची बाटली लावणे हा निव्वळ खर्च होय.

दुसऱ्या बाजूला, खरा आजारही लाजेपोटी अंगावर काढला जातो. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले, मात्र त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानण्याच्या तत्कालीन दृष्टीला हा मोठा धक्का होता.

दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि खाज असल्यास बहुधा कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग असतो. करडा, मासळीसारखा वास येणारा स्राव योनीतील जिवाणूंचा तोल बिघडल्याचे सुचवतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या परजीवीमुळे होऊ शकतो. तरीही नुसत्या रंगावरून घरी निदान करू नये, कारण एकाच वेळी दोन संसर्ग असणे मुळीच दुर्मिळ नाही. ओटीपोटात दुखणे व ताप, संबंधानंतर रक्त जाणे, किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तमिश्रित व दुर्गंधीयुक्त स्राव होणे, या तक्रारींत तपासणी लांबवू नये. शेवटच्या दोहोंत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

योनी आतून साबणाने किंवा डेटॉलने धुण्याने उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. पाळीची फडकी कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून घरामागे दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातली जातात व ओलसर राहतात; ती धुऊन उन्हातच वाळवावीत.

सरकारी दवाखान्यांत संसर्गानुसार गोळ्या मोफत मिळतात. बुरशीवरील फ्लुकोनॅझोल सहसा गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे दिवस गेले असल्यास किंवा तशी शंका असल्यास ते आधी सांगावे. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यानेही त्याच वेळी औषध घेणे आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळणे आवश्यक असते. प्रत्यक्षात तो ‘मले काही होत नाही’ म्हणून येत नाही, आणि बाईला पुन्हा संसर्ग होऊन तीच चिठ्ठी पुन्हा लिहावी लागते.