फेकी : शालेय अध्यापन

गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक आणि हातोडाफेक या मैदानी प्रकारांची मूलभूत कौशल्ये शारीरिक शिक्षणाच्या तासाला शिकवण्याची पद्धत. शाळांत भर पहिल्या तीन प्रकारांवर असतो. हातोड्याला उंच जाळीचा पिंजरा लागतो, तो बहुतेक शाळांकडे नसतो; आणि पिंजरा नसेल तर हातोडा न शिकवणेच योग्य.

अनेक शाळांत फेकी शिकवल्या जात नाहीत, फेकणारे निवडले जातात. वर्गातला दांडगा मुलगा गोळ्याला, सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू देणारा भाल्याला, बाकीचा वर्ग कडेला. तालुका स्पर्धेसाठी हे चालून जाते, पण शिक्षण म्हणून ते अपुरे आहे. फेकीचे अंतर मुख्यतः साधन हातातून सुटतानाच्या वेगावर ठरते. हा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढते. तो एकट्या दंडातून येत नाही; मागचा पाय, कंबर, छाती, खांदा, कोपर आणि मनगट या क्रमाने चढत जातो. हा क्रम जमलेली किरकोळ अंगाची मुलगी नुसत्या दंडाने रेटणाऱ्या मुलाला मागे टाकू शकते.

म्हणून अध्यापन शेवटाकडून सुरुवातीकडे नेतात. आधी जागेवर उभे राहून फेक, मग बाजूने उभे राहून कमरेच्या पिळासह फेक, त्यानंतर एखाद-दोन पावले आणि सर्वांत शेवटी गोळ्याची सरक, थाळीची गिरकी किंवा भाल्याची धाव. गिरकीची घाई केली की मुले गिरकी सुंदर घेतात आणि थाळी मात्र बाजूला भिरकावतात.

साधन वयाला झेपणारे हवे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा असतो. १८ वर्षांखालील गटात मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोचा देतात. पाचवी-सहावीला यांपैकी काहीच नको. टेनिसचा चेंडू, वाळूची पिशवी, एक किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू), रबरी रिंग, सायकलचा जुना टायर एवढ्यावर पहिले कित्येक तास निघतात. शिवाय साठ मुलांत दोन गोळे असले, तर तासभरात एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन फेकी येतात. साठ चेंडू जमवणे तुलनेने सोपे.

गोळा तळहातावर नव्हे, बोटांच्या मुळांवर धरतात आणि मानेला, जबड्याखाली टेकवतात. नियमानुसार तो खांद्यापासून एकाच हाताने ढकलावा लागतो. क्रिकेटच्या सवयीने तो डोक्यामागे गेला की फाउल. थाळीसाठी पहिला पाठ ती जमिनीवर उभी घरंगळवण्याचा, कारण ती तर्जनीवरून सर्वांत शेवटी सुटते हे मुलांना त्यातूनच उमगते. भाल्यात कोपर उंच आणि हाताच्या पुढे राहिले पाहिजे. ते खांद्याखाली उतरले तर अंतर घटतेच, शिवाय वाढत्या वयातल्या कोपराच्या आतल्या बाजूवर ताण येतो.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने ८७.५८ मीटर फेकीवर सुवर्णपदक जिंकले आणि भाला घरोघरी पोचला. हा दिवस आता राष्ट्रीय भालाफेक दिन आहे. पण खऱ्या भाल्याने तास घेणे सोपे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावर सराव चालू असताना भाला लागून एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यामुळे मैदानाची शिस्त ही तंत्राच्या आधी शिकवायची गोष्ट. सर्वांनी एकाच रेषेवरून, एकाच दिशेने फेकायचे. एका शिट्टीला फेक, सगळ्यांची फेक झाल्यावर दुसऱ्या शिट्टीला साधने आणायची, तीही चालत. डावखुऱ्यांना रेषेच्या डाव्या टोकाला उभे करतात, म्हणजे हातातून लवकर निसटलेली थाळी रांगेवर येत नाही. भाला नेताना उभा, टोक जमिनीकडे. रुतलेल्या भाल्याकडे बाजूने जायचे, कारण शेपटीचे टोकही डोळ्यात जाऊ शकते. आपल्याकडे शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, तेव्हा कोरडे फडके हे साहित्याच्या यादीत असलेच पाहिजे.

अपंग विद्यार्थ्यांना फेकींतून वगळण्याचे कारण नाही. खुर्चीत बसूनही फेक शिकता येते. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये (२०२४) एफ४६ या, हाताचे अपंगत्व असलेल्या आणि उभे राहून फेकणाऱ्या खेळाडूंच्या गटात १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक मिळवले.

ज्यांची पाळी नाही त्यांना पंचांचे काम द्यावे. गोळ्याचे वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचे, थाळीचे २.५० मीटरचे. दोन्हींच्या फेकक्षेत्राचा कोन ३४.९२ अंश भरतो, पण तो आखायला कोनमापक लागत नाही : वर्तुळाच्या मध्यापासून १० मीटरवर दोन्ही रेषांमध्ये ६ मीटर अंतर ठेवून फक्की मारली की कोन आपोआप बरोबर येतो. दोरी, टेप आणि दोन खुंट्या मिळाल्या तर आठवीची मुले हे स्वतः करतात.